पुडीसरांची खरी वाक्यं

पुडीसर भजी आधी खात नसत. वरवट बकालच्या स्टँडवर हॉटेलवाल्याने गरम भज्यांची पुडी हातात ठेवली की ते ती टेबलावर हळूच सोडवायचे, भजी एका कडेला सारायचे आणि तेलाने आरपार झालेला कागद उजेडाकडे धरून वाचायचे. कागद मराठी निघाला तर तोंड उतरायचं. इंग्रजी निघाला तर भजी गार होईपर्यंत माणूस जागचा हलत नसे. बरोबरचा गडी तोवर अर्धी भजी संपवून मोकळा झालेला असायचा, त्याचं यांना काही नाही. त्यावरूनच गावाने त्यांना पुडीसर केलं. खरं नाव मतदारयादीत असेल, आम्हाला ते कधी लागलं नाही.

सर आमच्याच गावचे. शिकून पुण्याला गेले, तिथे शब्दकोश तयार करणाऱ्या एका ठिकाणी नोकरीला होते. त्या कामात म्हणे लोकांनी खरोखर लिहिलेली, बोललेली इंग्रजी वाक्यं लाखांनी गोळा करून संगणकात भरतात आणि मग एकेक शब्द त्या वाक्यांमध्ये कसा वागतो ते बघत बसतात. त्या साठ्याला तिथे कॉर्पस म्हणत. सर त्याला खळं म्हणायचे. शेतातून जे आलं ते खळ्यावर टाकायचं आणि मग निवडायचं, असा त्यांचा हिशेब. पुण्यात त्यांच्या वऱ्हाडी बोलण्याला लोक हसायचे, असं सरांच्या घरच्या काकू सांगत. सर स्वतः त्याबद्दल बोलत नसत. एक दिवस ते नोकरी सोडून घरी आले ते कायमचेच.

येताना एक खूळ मात्र घेऊन आले. गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवायला बाहेरून काही आणायची गरज नाही, असं ते खूळ. "इंग्रजी गावात येऊन बसली आहे बाप्पा," ते म्हणायचे, "पोत्यावर आहे, डब्यावर आहे, गोळ्याच्या पाकिटावर आहे. पाहुनी घरात बसली अन् आपन तिले पाहाले पुन्याले जातो." हे ते ज्याला त्याला सांगत. ऐकणारा मान डोलवून आपल्या वाटेने जाई.

माझ्या बाबांचं स्टँडजवळ कृषी केंद्र होतं. फवारणीच्या औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचं, दहा घड्या घातलेलं एक माहितीपत्रक असतं. ते मिळवायला सर रोज संध्याकाळी दुकानात हजर. बाबा वैतागायचे. "सर, याची घडी एकदा मोडली की परत बसत नाई हो. गिऱ्हाईक म्हनते, माल उघडेल दिला." सर तेवढ्यापुरते हो म्हणत आणि दुसऱ्या खोक्याकडे वळत. घरी तर विचारूच नका. साबणाचा कागद, चहाची पिशवी, मोबाइलचं खोकं, काहीही फेकायची काकूंना चोरी. काकू आमच्या आईपाशी म्हणायच्या, "घरात तेल नसलं तरी चालते, तेलाची पिशवी पायजे यायले."

मी आणि माझी चुलतबहीण वनिता एकाच वर्षी दहावीला बसलो आणि दोघी इंग्रजीत नापास झालो. आमच्याकडे दहावीची पोरगी नापास झाली की इंग्रजीतच होते, त्यात नवल कोणाला नाही. नवल पुढे काय करायचं याचं. माझे बाबा म्हणाले, परत बस. वनिताचे वडील म्हणजे आमचे मोठेबाबा, घर एकच. त्यांनी ओट्यावर बसून तंबाखू मळता मळता निकाल दिला, "एक डाव पाहू. निंघाली तं अकरावीले टाकू. नाई निंघाली तं मंग पाहुने पाहाले लागू." वनिताला नर्स व्हायचं होतं. संग्रामपूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरची चाल ती हुबेहूब चालून दाखवायची. तिचं सगळं त्या एका पेपरवर येऊन अडलं होतं, आणि आम्हाला नेऊन घातलं पुडीसरांच्या वर्गात, कारण तो घराजवळ होता आणि सर पोरींना ओरडत नसत.

वर्ग म्हणजे सरांच्या घराचा पत्र्याचा ओटा. भिंतीतून भिंतीत दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर कपड्यांचे चिमटे. एका शब्दाची एक दोरी. आम्ही जिथे जे इंग्रजी वाक्य दिसेल ते चिठ्ठीवर उतरवून आणायचं आणि त्याच्या दोरीवर टांगायचं. कीपच्या दोरीवर गोळ्यांच्या पाकिटावरचं 'कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन', त्याच्या शेजारी बियाण्याच्या पिशवीवरचं 'कीप इन अ कूल अँड ड्राय प्लेस', मग ट्रकच्या मागचं 'कीप डिस्टन्स'. मग सगळ्यांनी उभं राहून दोरी बघायची. नियम सर सांगत नसत. आम्ही विचारलं की म्हणायचे, "पाहा. पाह्यत राहा. ते सोताच सांगते." मी बघून बघून कंटाळायचे. मला दोरीवर चिठ्ठ्याच दिसायच्या. काकूंचं गाऱ्हाणं वेगळंच होतं, "माह्ये लुगडे वाळाले जागा नाई अन् यायचे कागद वाळून राह्यले."

टांगण्याआधी प्रत्येक चिठ्ठीची चौकशी व्हायची. "हे कोनं म्हनलं? कोनाले म्हनलं? काऊन म्हनलं?" कोण, कोणाला आणि कशासाठी, तिन्ही उत्तरं आली तर वाक्य खरं. नाही आली तर चिठ्ठी परत. एकदा एका पोराने गाईडमधून उतरवून आणलं की रामा सफरचंद खातो. सर चिठ्ठीकडे बघत राहिले. "कोनता रामा? आपल्या गावचा रामा तं केळं खाते, संत्रं खाते. सफरचंद आपन दवाखान्यात नेतो." पोरगं हसत बसलं. सर हसले नाहीत. "हे वाक्य कोनंच कोनाले म्हनलं नाई बाप्पा. हे खोटं आहे. खोट्या वाक्यावर भाषा उभी राह्यत नाई." हे बोलताना त्यांचा आवाज चढायचा. एरवी फार शांत माणूस.

मला ते जमलं नाही. मी सरांना तोंडावर सांगितलं, "सर, मी आपलं गाईडच पाठ करतो." (आमच्याकडे पोरी तेव्हा असंच बोलायच्या.) त्यांना वाईट वाटलं असेल, पण म्हणाले, "कर. पन इथं येत जाय. कानावर पडू दे." मग मी मागे बसून निबंध घोकायचे आणि वनिता पुढे दोऱ्यांखाली फिरायची.

वनिता मात्र त्या दोऱ्यांमध्ये रमली ती रमलीच. ती एका चिठ्ठीवरून दुसरीवर अशी बघत जायची की सर तिच्यामागे चहाचा कप घेऊन उभे राहत आणि चहा प्यायचं विसरत. ती काही पाठ करत नव्हती. तिला ते कळत होतं. हे मला त्या वेळीही दिसत होतं आणि खोटं कशाला बोलू, थोडं पोटात दुखतही होतं. मोठीआईला, म्हणजे वनिताच्या आईला, कसल्याशा गोळ्या चालू होत्या. उपवासाच्या दिवशी गोळी घेतली की तिला उलट्या व्हायच्या आणि सगळे म्हणायचे, उपवास सोसत नाही. वनिताने एकदा गोळ्यांच्या खोक्यातला कागद सोडवला, बोट ठेवून वाचत गेली आणि म्हणाली, "आई, हे जेवल्यावर घ्याची गोळी आहे." मोठेबाबांनी विचारलं, "कुठं लिहेल आहे?" तिने बोट दाखवलं. मोठेबाबांना त्यातलं काय कळणार, पण ते त्या बोटाकडे आणि मग पोरीकडे बराच वेळ बघत होते. त्या दिवशी मला वाटलं, ही सुटली. घरातल्या सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण त्या महिन्यात पाहुण्यांचा विषय कोणी काढला नाही.

परीक्षेचं नाव काढलेलं मात्र सरांना आवडायचं नाही. एकदा मीच विचारलं, "सर, पेपरात पत्र येते. मुंबईच्या मैत्रिणीले लिहा म्हनते. मले मुंबईत मैत्रीनच नाई."

"मंग कायले लिहितं?" सर म्हणाले. सगळा ओटा हसला.

"मार्कासाठी."

"मार्कासाठी लिहेल वाक्य खोटं राह्यते."

"मंग पेपरात काय कराचं सर?"

"ते पाहू. जानेवारीत दोन दिवस पेपरचंच घेऊ." आणि त्यांनी आत काकूंना चहाची हाक मारली. जानेवारीत मेकची दोरी निघाली. मेक हा शब्द फार नाठाळ निघाला, त्याच्या चिठ्ठ्या एका दोरीवर मावेनात, दुसरी बांधावी लागली. सर त्यात असे बुडाले की ते दोन दिवस काही आले नाहीत. आम्हीही आठवण केली नाही. मला गरज नव्हती, माझी पत्रं पाठ होती. आणि वनिताला वाटलं, सांगायचं ते सरांनी सांगून झालं आहे.

पेपर संग्रामपूरला होता. सुटल्यावर आम्ही काळीपिवळी जीपमध्ये दाटीने बसून परत आलो. वाटेत मी सुटलेले मार्क मोजत होते आणि वनिता खिडकीबाहेर बघून मनाशी हसत होती. मला वाटलं, हिला पेपर फार सोपा गेला. स्टँडवर उतरल्यावर ती घरी न जाता थेट सरांच्या ओट्यावर गेली, मी तिच्यामागे. सर दोरीवरच्या चिठ्ठ्या सरळ करत होते.

"सर, एक बी खोटं वाक्य लिहिलं नाई म्या," ती म्हणाली. पळत आल्यामुळे तिला दम लागला होता.

सर हसले. "मंजे?"

"पत्र होतं. नाशिकच्या मैत्रिणीले गॅदरिंगचं सांगा म्हने. मले नाशिकले कोनी मैत्रीन नाई, अन् आपल्या शाळेत गॅदरिंग झालंच नाई. पुढं सोताच्या मनानं वाक्य बनवा, असं बी होतं. ते बी सोडलं."

"सोडलं मंजे?"

"कोरं ठेवलं सर."

तिला शाबासकी हवी होती. नवी चिठ्ठी आणल्यावर मान वर करून उभी राहायची, तशीच उभी होती. सरांच्या हातातला चिमटा खाली पडला, तो त्यांनी उचलला, परत दोरीला लावला. काकूंनी पाणी आणून दिलं ते उभ्यानेच प्यायले. मग म्हणाले, "बरं केलं बाई." सरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं वाक्य. वनिताने ते खरं धरलं आणि घरापर्यंत आनंदाने बोलत गेली. मी तिच्या मागे मागे चालले. 

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर दोऱ्या दिसल्या नाहीत. सर दुकानातही यायचे थांबले. बाबा म्हणाले, बरं झालं, खोकी शाबूत राहतील, आणि आठवड्याने स्वतःच विचारू लागले, सर काऊन दिसत नाई. मला सरांचा राग आला होता, अजूनही येतो. एवढा शिकलेला माणूस, लाखो वाक्यं वाचून आलेला, आणि पोरीला एवढं साधं सांगू नये की बाई, पेपर वेगळा आणि आपली दोरी वेगळी. वनिताचाही राग यायचा. कोणी इतकं कसं ऐकतं एखाद्याचं?

निकाल लागला. मी काठावर निघाले. वनिता थोडक्या मार्कांनी राहिली, पत्राचे अर्धे मार्क पडले असते तरी निघाली असती. आमच्याबरोबर पेपर दिलेल्या तीन पोरींनी मिळून हिशेब केला तेव्हा हे कळलं, आणि वनिताने तो हिशेब ऐकला. ती रडली नाही. आत जाऊन ज्वारी निवडायला बसली.

त्या संध्याकाळी सर आमच्या घरी आले. इस्त्रीचा सदरा घालून आले होते, कोणाकडे मागणी घालायला जावं तसे. मोठेबाबांनी उठून जागा दिली. मी चहा नेऊन ठेवला आणि दाराशी थांबले. दाराच्या आत वनिता होती.

"भाऊ, चूक माही आहे," सर म्हणाले. "पोरगी हुशार आहे. तिले म्याच तसं शिकवलं. मले एक साल द्या. यंदा दुसरं काही शिकवत नाई. गाईड पाठ करून घेतो, पत्रं पाठ करून घेतो. जे म्हनान ते करतो."

गाईड हा शब्द सरांच्या तोंडून असा येईल असं मला वाटलं नव्हतं. 

मोठेबाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. अगदी मायेने म्हणाले, "सर, तुमी वाईट काऊन मानता? तुमी सांगतलं, पोरीनं ऐकलं. ऐकनारी पोरगी आहे, सासरी बी ऐकन. चहा घ्या."

सरांनी चहा घेतला. 

वनिताला सुलतानपूरला दिलं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लोणारकडे. बसने जायचं तर दिवस मोडतो. माणसं वाईट नव्हती, शेती होती, भाजीपाला पिकायचा. सर लग्नाला आले, पंगतीत बसले, वनिताला आहेर केला आणि कोणाशी फार न बोलता गेले. मी अकरावी-बारावी केली आणि जळगाव जामोदला माझं लग्न झालं. आता तिथे शिवणकाम करते. ब्लाउज शिवताना मला इंग्रजीची कधी गरज पडली नाही. जिला पडली असती तिचं असं झालं, आणि मी पास झाले. याचा विचार करायला लागलं की मशीनवर टीप वाकडी जाते.

सरांनी पुन्हा वर्ग घेतला नाही. चिठ्ठ्यांची खोकी काही वर्षं माळ्यावर होती, मग उंदीर झाले म्हणून काकूंनी ती चुलीत घातली. सरांनी नको म्हटलं नाही, असं काकूंनीच सांगितलं. पुढे ते जळगाव जामोदलाच एका खासगी इंग्रजी शाळेत लागले, रोज बसने यायचे. माझा मुलगा त्यांच्या वर्गात होता. त्याने घरी येऊन मोठ्याने पाठ केलं की माझे वडील डॉक्टर आहेत आणि आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा आहे. त्याचे वडील मोटारपंप दुरुस्त करतात आणि कुत्रा आमच्या सात पिढ्यांत कोणी पाळला नाही. पालकसभेला गेले तेव्हा सरांना म्हटलं, "सर, हे तुमी शिकवता?" त्यांनी माझ्याकडे न बघता टेबलावरचा डस्टर हलवून ठेवला. "रंजू, आता माह्या वर्गातले सगळे पोरं पास होतेत." 

मग त्यांची किडनी गेली. आमच्या भागात किडनी गेली म्हटलं की कोणी कारण विचारत नाही, पाणीच तसं खारं. आठवड्याच्या आठवड्याला डायलिसिससाठी अकोल्याच्या खेपा सुरू झाल्या आणि हळूहळू घरातले सगळे त्या खेपांभोवती जगू लागले. मागच्या साली ते गेले. त्याच्या थोडं आधी वनिता माहेरपणाला आली होती. मी तिला म्हटलं, चल, सरांना भेटून येऊ. ती पटकन हो म्हणाली नाही. जरा वेळाने पदर नीट करून चपला घातल्या.

इतक्या वर्षांत तिचं बोलणं बदललं होतं, तिकडचं झालं होतं. त्यावरून आमच्या घरी तिची चेष्टाही व्हायची. पण सरांच्या खोलीत शिरली आणि परत आमच्यासारखी बोलायला लागली. सर खाटेवर होते, हातापायांना सूज, डोळे तेवढे ओळखीचे. त्यांनी तिला ओळखायला वेळ लावला नाही. "बस," म्हणाले. काकूंनी खुर्ची दिली. तब्येतीचं झालं, पिकाचं झालं, अकोल्याच्या डॉक्टरचं झालं. 

"पोरगी कितवीत आहे?" सरांनी विचारलं.

"यंदा दहावीत."

"इंग्रजी?"

"क्लास लावला सर. तिले सांगून ठेवलं म्या, मनाले येईन ते लिही, नसलेल्या मैत्रिणीले पत्र लिही, पन कोरं ठेवू नोको."

मी सरांकडे बघायचं टाळलं. खाटेची कुरकुर ऐकू आली, ते उठून बसायला बघत होते. काकूंनी पाठीशी हात दिला.

"बरोबर सांगतलं," सर म्हणाले. दम लागला म्हणून थांबले. "अन् तू? तू लिहितं का काही?"

वनिता हसली. हसताना ती अजून तशीच दिसते.

"मले कोन लिहाले सांगते सर आता."

सर तिच्याकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, यांना आता पडू द्या. आम्ही उठलो, वनिताने त्यांच्या पायांना हात लावला, आणि आम्ही बाहेर येऊन चपला शोधू लागलो.